जुन्या तुळईचे पेन आणि त्याचा दाखला

ऐतिहासिक इमारतींच्या दुरुस्तीत किंवा पाडकामात निघालेल्या लाकडापासून हाताने घडवलेली पेने मी काही वर्षांपासून जमवतो आहे, आणि ती पाहणारा प्रत्येक जण पहिल्या पाच मिनिटांत एकच प्रश्न विचारतो: हे लाकूड खरोखरच त्या इमारतीचे आहे, हे कशावरून? प्रश्न रास्त आहे. त्याचे प्रामाणिक उत्तर असे की, तयार पेन हातात घेऊन ते कोणालाही ठामपणे सांगता येत नाही. अशा पेनाच्या अस्सलपणाचा निकाल ते पेन होण्याआधीच, म्हणजे तुळईला करवत लागण्याआधीच, लागलेला असतो. या छंदातला बराचसा आनंद आणि जवळजवळ सगळी फसवणूक या एका गोष्टीभोवती फिरते.

एका पेनात लाकूड असते तरी किती, हे आधी पाहू. लेथवर, म्हणजे लाकूड गोल फिरवत कातण्याच्या यंत्रावर, चढवायचा तुकडा साधारणपणे १९ मिलिमीटर जाड, तेवढाच रुंद आणि १२५ मिलिमीटरच्या आसपास लांब असतो. म्हणजे सुमारे ४५ घन सेंटिमीटर लाकूड. त्याचे दोन भाग करून प्रत्येकात मधोमध ७ मिलिमीटरचे आरपार छिद्र पाडतात, त्यात पितळी नळी चिकटवतात आणि मग बाहेरून कातत कातत पेनाचा आकार आणतात. सडपातळ बॉलपेनाच्या बाबतीत हे सारे झाल्यावर हाती चार-साडेचार घन सेंटिमीटर लाकूड उरते, ओकचे वजन धरले तर जेमतेम तीन ग्रॅम, आणि दोन्ही टोकांपाशी त्याची भिंत एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. बाकीचे सुमारे नव्वद टक्के लाकूड भुसा होऊन खाली पडलेले असते. आता उलट बाजूने हिशेब करा. १५ सेंटिमीटर चौरस छेदाची, ३ मीटर लांबीची एक मध्यम तुळई घेतली, तर करवतीच्या पात्यात जाणारे लाकूड वजा करूनही तिच्यातून कागदावर आठशेहून अधिक तुकडे निघतात. खिळे, भेगा आणि कीड यांमुळे त्यांतले निम्मे बाद झाले असे मानले तरी चारशे पेने होतात. त्यामुळे ‘फक्त शंभर पेनांची मर्यादित आवृत्ती’ असे जेव्हा लिहिलेले असते, तेव्हा ती मर्यादा बहुतेक वेळा लाकडाने घातलेली नसून विक्रेत्याने घातलेली असते. त्यात गैर काहीच नाही, परंतु ते ठाऊक असलेले बरे. मूळ लाकूड किती मिळाले होते आणि त्यातले किती शिल्लक आहे, हे स्वतःहून सांगणाऱ्या कारागिराकडे माझा कल आपोआप झुकतो.

वास्तूचे किंवा प्रसिद्ध वृक्षाचे लाकूड तुकड्यातुकड्याने विकण्याची परंपरा जुनी आहे, आणि तिच्याविषयीचा संशयही तितकाच जुना आहे. शेक्सपिअरने लावल्याचे मानले जाणारे इंग्लंडमधल्या स्ट्रॅटफर्ड येथील तुतीचे झाड तिथल्या घरमालकाने, रेव्हरंड फ्रान्सिस गॅस्ट्रेल यांनी, १७५६ साली तोडले. त्याचे बरेचसे लाकूड टॉमस शार्प या स्थानिक कारागिराने विकत घेतले आणि पुढची अनेक वर्षे त्यातून डब्या, पेले, खेळणी अशा वस्तू घडवून विकल्या. विकलेल्या वस्तूंची बेरीज एका झाडाच्या लाकडात बसेना, तेव्हा लोक कुजबुजू लागले. अखेर १७९९ साली, मृत्यूच्या उंबरठ्यावर असताना, शार्प यांनी आपण त्या झाडाखेरीज दुसरे लाकूड कधीही वापरले नाही असे शपथपत्र करून दिले. ते खरे बोलले की खोटे, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते: विक्रीच्या वेळी प्रत्येक वस्तूबरोबर जो हिशेब हवा होता, त्याची जागा शेवटी एका मरणोन्मुख माणसाच्या शब्दाला घ्यावी लागली.

याच्या अगदी उलट उदाहरण अमेरिकेच्या व्हाइट हाउसचे आहे. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या काळात ही इमारत इतकी कमकुवत झाली होती की, १९४८ ते १९५२ या काळात बाहेरच्या भिंती तेवढ्या राखून आतला भाग पूर्णपणे काढून नव्याने बांधावा लागला. निघालेल्या सामग्रीतला काही भाग सरकारने नागरिकांना स्मरणवस्तू म्हणून ठरावीक शुल्कात उपलब्ध करून दिला. सभेत ठोकायचा लाकडी हातोडा घडेल एवढे जुने पाइनचे लाकूड दोन डॉलरला मिळत असे. प्रत्येक संचाबरोबर एक छोटी धातूची पट्टी दिली जाई आणि तिच्यावर ही व्हाइट हाउसची मूळ सामग्री असून ती १९५० साली काढलेली आहे, असे कोरलेले असे. वस्तू सोडणारी संस्था, सोडल्याचे वर्ष आणि खूण, या तिन्ही गोष्टी एका पट्टीत आल्या. तरीही त्या पट्टीला एक मर्यादा आहे, आणि पेन जमवणाऱ्यांनी ती नीट लक्षात घ्यायला हवी. पट्टी ठोकळ्यावर ठोकलेली असते. ठोकळ्यातून दहा पेने कातली की पट्टी एकच उरते आणि पेने दहा होतात. त्या क्षणापासून सरकारच्या शब्दाऐवजी कातणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो.

व्हाइट हाउसचेच उदाहरण आणखी एका कारणासाठी उपयोगी आहे. इमारतीची कोनशिला १७९२ सालची, परंतु १८१४ साली ब्रिटिश सैन्याने ती जाळली आणि १८१७ पर्यंत ती पुन्हा उभारण्यात आली. त्यामुळे ट्रूमन यांच्या काळात निघालेले जुने लाकूड साधारणपणे या पुनर्बांधणीपासून पुढचे आहे, आणि काही भाग तर १९०२ सालच्या मोठ्या फेरबदलातला असणार. इमारतीचे वय आणि लाकडाचे वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पेनासोबतचे पत्रक त्या एकच असल्यासारखे लिहिलेले असेल तर सावध व्हावे. लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलचे प्रचंड ओकचे छत इंग्लंडचा राजा रिचर्ड दुसरा याच्या आज्ञेवरून १३९३ पासून उभारले गेले, आणि भुंग्यांच्या अळ्यांनी ते आतून पोखरल्यामुळे १९१४ ते १९२३ या काळात त्याची मोठी दुरुस्ती झाली. त्या वेळी काढलेल्या ओकच्या लहानमोठ्या वस्तू आजही लिलावात दिसतात. परंतु पाचशे वर्षांत त्या छताच्या डागडुज्या झालेल्या आहेतच. तेव्हा छतातून निघालेला प्रत्येक तुकडा चौदाव्या शतकातला असेल असे मानता येत नाही.

मग विज्ञान काय मदत करू शकते? तुळई अखंड असेपर्यंत पुष्कळ. झाडाच्या वार्षिक वलयांच्या जाड-बारीक क्रमावरून लाकडाचे वर्ष ठरवण्याची पद्धत अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ ए. ई. डग्लस यांनी विकसित केली, आणि १९२९ साली ॲरिझोनातल्या शो लो येथे सापडलेल्या एका जळक्या तुळईने त्यांच्या कालक्रमातला तुटलेला दुवा जोडला. या पद्धतीने काही वेळा झाड कोणत्या वर्षी तोडले इथपर्यंत सांगता येते, पण त्यासाठी सालीलगतचे शेवटचे वलय शाबूत असावे लागते आणि सलग पन्नास-साठ किंवा त्याहूनही अधिक वलये मोजता यावी लागतात. १९ मिलिमीटरच्या तुकड्यात ती क्वचितच मावतात. कातून झाल्यावर तर प्रश्नच मिटतो. लाकडातल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढणाऱ्या कार्बन-१४ चाचणीसाठी लाकूड थोडेसेच लागते, परंतु साधारण १६५० ते १९५० या तीन शतकांत तिच्या मोजमापावरून वर्ष काढण्याच्या आलेखात इतके चढउतार आहेत की, एका नमुन्यावरून त्या काळातले नेमके दशक सांगता येत नाही. आणि बहुतेक पेनांचे लाकूड नेमके याच तीन शतकांतले असते. शिवाय ही चाचणी ते लाकूड झाडात केव्हा वाढले ते सांगते, ते कोणत्या छपरात होते हे सांगत नाही.

पेनावर करता येण्याजोगी एक चाचणी मात्र उरते: लाकडाची जात. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरते. ओकमध्ये प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग असते आणि मध्यापासून सालीकडे जाणारे रुंद किरण डोळ्यांनाही दिसतात. पाइनमध्ये ही छिद्रे नसतातच. पत्रक ओकच्या छताचे आणि पेन भलत्याच लाकडाचे, हा प्रकार अशा तपासणीत लगेच उघडा पडतो. या चाचणीने खोटे पकडता येते, खरे सिद्ध करता येत नाही.

जुन्या लाकडाची एक खूण अशी आहे की तिच्यासाठी मी बाकीच्या उणिवा माफ करतो, आणि ती म्हणजे लोखंडी खिळ्याचा डाग. माझ्या संग्रहात एका जुन्या छतातल्या ओकचे पेन आहे; त्याच्या खालच्या भागावर तांदळाच्या दाण्याएवढे एक भोक आहे, काळ्या राळेने भरलेले. त्या भोकाभोवती लाकूड निळसर काळे झाले आहे, आणि तो काळेपणा गोल पसरलेला नाही; लाकडाच्या रेषेच्या दिशेने वर आणि खाली तो निमुळता होत गेला आहे, आधी काळा, मग पाटीच्या दगडासारखा करडा, मग धुरकट तपकिरी, आणि बोटभर अंतरावर मधाळ रंगाचे निरोगी ओक सुरू होते. हे असे का होते ते समजले की या डागाची किंमत वाढते. ओकमध्ये टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते. भिंतीत मुरलेल्या ओलाव्याने खिळा गंजतो, लोह विरघळून लाकडाच्या नळ्यांतून वरखाली झिरपते आणि टॅनिनशी संयोग पावून निळे-काळे संयुग तयार होते. मायफळ आणि हिराकस (लोहाचा एक क्षार) यांपासून जी काळी शाई शतकानुशतके केली जात असे, तिच्या काळेपणामागचे रसायन हेच आहे. मायफळ म्हणजे ओकच्या फांदीवर कीटकाच्या दंशाने आलेली गाठच. म्हणजे त्या छतात, कोणी न सांगता, खिळ्याखिळ्यापाशी शाई तयार होत होती. पेन करण्यासाठी याहून समर्पक लाकूड मला तरी ठाऊक नाही.

गंमत अशी की बहुतेक कारागीर नेमका हाच भाग कापून फेकतात. त्यांचेही बरोबर आहे, कारण गंजाच्या सान्निध्यात लाकडाचे तंतू कमकुवत होतात आणि लेथवर असा तुकडा उडून जाण्याची भीती असते. तो टिकवायचा तर पातळ सायनोॲक्रिलेट गोंद मुरवत, धारदार अवजाराने, अगदी हलके कातत जावे लागते. डाग नकलीही करता येतो: व्हिनेगरमध्ये लोखंडी जाळी भिजवून ते पाणी ओकवर लावले की पाहता पाहता लाकूड काळे पडते. पण तो काळेपणा सरसकट असतो. भोकापाशी गडद आणि रेषेच्या दिशेने विरत जाणारा उतार त्यात दिसत नाही. पाइनमध्ये टॅनिन फारसे नसल्यामुळे खिळ्याभोवती गंजाचा तांबूस तपकिरी डाग पडतो. ‘पाइनच्या जुन्या तुळईतला’ म्हणून शाईसारखा काळाभोर डाग दाखवला गेला, तर एक प्रश्न अधिक विचारावा.

जुने लाकूड कातणे धोक्याचेही असते, आणि त्याची चर्चा होते त्यापेक्षा अधिक व्हायला हवी. धातुशोधक फिरवल्याशिवाय करवत लावू नये, हे तर झालेच. खरा प्रश्न न दिसणाऱ्या गोष्टींचा आहे. जुन्या रंगांत शिसे असते. विसाव्या शतकात लाकूड टिकवण्यासाठी क्रिओसोट हे डांबरी तेल वापरले गेले, आणि तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांचे मिश्रणही वापरले गेले. हे मिश्रण १९३३ साली सोंटी कामेसम या भारतीय संशोधकाने शोधून काढले होते. एखाद्या अठराव्या शतकातल्या इमारतीत १९५० नंतर बसवलेली तुळई असेल, तर तिच्या भुशात काय आहे हे कळायला मार्ग नसतो. शिवाय कोणत्याही लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून जागतिक पातळीवर वर्गीकृत आहे. तयार, पॉलिश केलेले पेन वापरणाऱ्याला यातला धोका नगण्य असतो. तो सारा कारागिराच्या वाट्याला येतो. म्हणून लाकडावर पूर्वी कोणती प्रक्रिया झाली होती हे कारागिराला माहीत असणे मी चांगले लक्षण मानतो.

पोखरलेले, पोचट झालेले लाकूड पेनाला तसेच चालत नाही. ते पूर्ण वाळवून, निर्वात पात्रात राळेत बुडवून, राळ आत शिरली की नव्वद अंशांच्या आसपास तापवून घट्ट केले जाते. यामुळे जे लाकूड एरवी चुलीत गेले असते त्याचे पेन होते, आणि मला हे तंत्र आवडते. फक्त अशा पेनाच्या वजनाचा मोठा हिस्सा राळेचा असतो, आणि ते लिहिलेले असावे. वरच्या चकाकीबाबत माझे मत थोडे कडक आहे. गोंदाचे थरावर थर देऊन, अत्यंत बारीक पॉलिश पेपरने घासून काचेसारखा आणलेला मुलामा टिकाऊ असतो हे मान्य, परंतु त्याखालचे सहाशे वर्षांचे ओकदेखील प्लास्टिकवर छापल्यासारखे दिसू लागते आणि बोटाला लाकूड लागतच नाही. तेल आणि मेण दिलेले पेन हाताच्या घामाने काळवंडते, काळवंडू द्यावे.

विक्रीच्या मजकुरात हमखास आढळणाऱ्या दोन समजुती तपासून घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की जुने, हळू वाढलेले, दाट वलयांचे लाकूड नेहमीच अधिक मजबूत असते. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या लाँगलीफ पाइनबाबत हे बरेचसे खरे आहे. तिथे एकेकाळी सुमारे ९ कोटी एकर पसरलेली ही जंगले जवळजवळ संपली, आणि गिरण्या-गोदामांच्या तुळयांत अडकलेले राळयुक्त, जड गाभ्याचे लाकूड आज मुख्यतः पाडकामातूनच मिळते. ओकचे मात्र उलट आहे. ओकमध्ये वलये जितकी दाट, तितका मोठ्या छिद्रांचा वाटा जास्त, आणि लाकूड तितके हलके. दुसरी समजूत अशी की शंभर वर्षे वाळलेले लाकूड आता हलत नाही. ते हलते. हवेतल्या दमटपणानुसार ते फुगते आणि आकसते, वलयांच्या दिशेने त्रिज्येच्या सुमारे दुप्पट. आणि पितळी नळीवर ताणून बसलेली एक मिलिमीटरची भिंत कोरड्या हवेत तडकते. छिद्र पाडल्यावर तुकडा काही दिवस तसाच ठेवून मग नळी चिकटवणारे कारागीर हा त्रास बराच टाळतात. अमेरिकन चेस्टनटची गोष्ट आणखी वेगळी. १९०४ साली न्यूयॉर्कमध्ये प्रथम लक्षात आलेल्या बुरशीने त्या झाडाची अब्जावधी खोडे संपवली, त्यामुळे जुनी कोठारे हाच त्या लाकडाचा प्रमुख साठा उरला आहे. इथे इमारत सामान्य असली तरी लाकूडच दुर्मीळ असते.

फाउंटन पेन हवे असणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो: शाई थेट लाकडात भरायची नसते, कारण लाकूड ती शोषते. निब बसते तो भाग एबोनाइटचा (कडक केलेल्या रबराचा) किंवा ॲक्रिलिकचा असावा आणि आत कन्व्हर्टर, म्हणजे शाई ओढून घेणारी सुटी नळी, असावी. योवो किंवा बॉक या जर्मन कंपन्यांच्या निबा बसवलेल्या असतील तर पुढे बदलणेही सोपे जाते.

एक अडचण नैतिकही आहे. ऐतिहासिक लाकडी वास्तूंच्या जतनासाठी आयकोमॉस या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९९ साली स्वीकारलेल्या तत्त्वांनुसार मूळ लाकूड शक्य तितके जागच्या जागी राखावे लागते. म्हणजे चांगल्या स्थितीतली तुळई पेनांसाठी निघणे हीच शंकेची बाब आहे. पेनाच्या वाट्याला कुजलेली टोके, कापून काढलेले जोड आणि पोखरलेले भाग यायला हवेत. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलचे ओकचे छत १५ एप्रिल २०१९ रोजी जळाले, तेव्हा कोळसा झालेल्या तुळयाही गोळा करून, नोंदवून संशोधनासाठी ठेवण्यात आल्या. त्या लाकडाचे पेन कोणी देऊ केले तर मी त्याचा कागद दोनदा वाचेन. शिसवाच्या, म्हणजे डाल्बर्जिया या वंशातले लाकूड असेल तर कायद्याचाही प्रश्न येतो: या वंशातल्या सर्व जाती २०१७ पासून साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारान्वये नियंत्रित आहेत, आणि लाकूड जुन्या इमारतीतले आहे म्हणून ते आपोआप सुटत नाही.

तेव्हा कागद. माझ्या मते त्यावर इमारतीचे नाव पुरेसे नाही. लाकूड इमारतीच्या कोणत्या भागातले, कधी आणि कोणत्या कामात निघाले, कोणी सुपूर्द केले, जात कोणती आणि त्यावर कोणती प्रक्रिया झाली, एवढे असावे. करवत लागण्याआधी तुळईच्या आडव्या छेदाचे छायाचित्र असेल तर उत्तमच. काही कारागीर प्रत्येक तुळईची एक चकती, वलयांसकट, न कातता क्रमांक घालून जपून ठेवतात आणि तोच क्रमांक पेनाच्या मधल्या कड्यावर कोरतात. पुढेमागे कोणी आव्हान दिलेच, तर तपासता येईल अशी ती एकमेव वस्तू असते. क्रमांक कड्यावर असण्याचा दुसरा फायदा व्यवहाराचा आहे: पेन एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा कागद सर्वांत आधी हरवतो.

मघाशी सांगितलेल्या खिळ्याच्या डागाच्या पेनासोबत आलेल्या कागदावर शेवटी एक ओळ हाताने लिहिलेली आहे: हा तुकडा मूळ छताचा नसून नंतरच्या एखाद्या दुरुस्तीतला असण्याची शक्यता आहे, कारण खिळा यंत्रावर केलेला होता. ही ओळ लिहिल्याने त्या कारागिराचे पेन नक्कीच कमी भावात गेले असेल. त्याने पुढे केलेली आणखी पेने मी घेतली, आणि त्यांचे कागद वाचताना मी भिंग बाहेर काढत नाही.